पट्टीवरचा पाचवा डाग

मी तोंडाची फटकळ. हे आधीच सांगून टाकते. कंपनीत सुपरवायझरला तोंडावर बोलणारी, रेशनच्या रांगेत भांडणारी, सासूला उलट उत्तर देणारी बाई मी. अशी मी एकदा सतरा दिवस गप्प बसले. त्या सतरा दिवसांत माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ हातचं गेलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

आमचं माहेर दापोडीचं, रेल्वेलाइनच्या कडेची गल्ली. वडील कारखान्यात हेल्पर. आम्ही दोघीच बहिणी. म्हणजे वाचलेल्या दोघी. माझ्याआधी एक भाऊ झाला होता, तो वर्षाचा व्हायच्या आत गेला. माझ्यात आणि धाकटीत आणखी एक, तो दीड वर्षाचा होऊन गेला. एकाला न्यूमोनिया म्हणाले, दुसऱ्याच्या कानातून पू यायचा आणि मग आकडी आली. नातेवाईक आईच्या समोरच म्हणायचे, हिच्या पोटी पोरी टिकतात, पोरं टिकत न्हाईत. आई खाली मान घालून भांडी घासायची. मला तेव्हाही राग यायचा. पण त्या बोलण्यात खरंच काही असेल, असं डोक्यात कधी आलं नाही.

मी गल्लीतली पहिली बीएस्सी. पिंपरीत एका छोट्या औषध कंपनीत लागले. पेनिसिलिनची पावडर बाहेरून यायची, आमच्याकडे बाटल्यांत भरली जायची. भरणाऱ्या कामगारांपैकी काहींना त्या पावडरीनं अंगावर गांधी उठायच्या. असं का होतं आणि कुणाला होतं हे शोधायला कंपनीनं दोन खोल्यांची लॅब काढली होती. एक डॉक्टरसाहेब, मी, एक मदतनीस बाई आणि मागच्या पडवीत बारा ससे, एवढाच सगळा संसार. कामगारांचं रक्त घ्यायचं आणि त्यात पेनिसिलिनविरुद्ध अँटिबॉडी तयार झालीय का ते बघायचं, हे आमचं काम. अँटिबॉडी म्हणजे बाहेरून आलेल्या परक्या गोष्टीला धरून ठेवायला शरीर जे तयार करतं ते. पुस्तकात प्रतिपिंड म्हणतात, पण लॅबमध्ये हा शब्द कुणी कधी उच्चारला नाही.

लग्न झालं, चिंचवडला बिऱ्हाड केलं. नवरा गाड्यांच्या कारखान्यात टर्नर. अडुसष्ट साली मुलगा झाला. सात-आठ महिन्यांचा झाल्यापासून त्याचं काही ना काही चालूच असायचं. कान फुटायचा, छाती भरायची, कातडीवर गळवं यायची. आणि मी काय करायची? पेनिसिलिन! घरात पाणी नसेल एक वेळ, पण पेनिसिलिन होतं. कंपनीच्या दवाखान्यातून आम्हाला मिळायचं, सुई मला टोचता येत होती. खोकला आला की टोच, ताप आला की टोच. तिसऱ्या दिवशी पोरगं टुणटुणीत. चाळीतल्या बायका पोरं घेऊन माझ्याकडे यायच्या, मला पेनिसिलिनवाली बाई म्हणायच्या, आणि मी फुशारून जायची. आईला म्हटलं होतं, "तुझ्या वेळी हे असतं तर माझे दोन्ही भाऊ वाचले असते."

खरं होतं ते. पण त्यातच माती खाल्ली मी. दुसऱ्या कुणाचं मूल इतकं आजारी पडलं असतं तर एखाद्या डॉक्टरनं विचारलं असतं, बाई, हे सारखं सारखं का होतंय? मी कुणाला विचारायची वेळच येऊ दिली नाही. आजार तोंड वर काढायचा आणि मी सुईनं तो परत खाली दाबायची. सहा वर्षं.

चौऱ्याहत्तरच्या सुमारास साहेबांनी रक्तातली प्रथिनं वेगळी करायचं नवं यंत्र आणलं. रक्त गोठलं की वर उरणाऱ्या पिवळ्या पाण्याचा एक थेंब कागदाच्या पट्टीवर ठेवायचा, पट्टीची टोकं क्षाराच्या पाण्यात बुडवायची आणि वीज सोडायची. संध्याकाळी लावली की सकाळी काढायची आणि निळ्या रंगात बुडवायची. मग पट्टीवर ओळीनं पाच डाग दिसतात. पहिला जाड आणि गडद, मधले तीन बारीक, आणि शेवटी पाचवा, रुंद आणि पसरट. हा पाचवा गॅमा. सगळ्या अँटिबॉडी त्याच डागात असतात. तो पसरट का, तर त्यातल्या अँटिबॉडी एकसारख्या नसतात, लाखो तऱ्हांच्या असतात, म्हणून कुणी जरा पुढे धावते, कुणी मागे राहते.

कामगारांशी ताडून बघायला निरोगी मुलांचं रक्त हवं होतं. मी म्हटलं, माझ्या मुलाचं घ्या. गेले दोन महिने त्याला काही झालं नव्हतं. सकाळी पट्टी काढली, रंगवली, तर चारच डाग. पाचव्याच्या जागी कागद कोरा.

मी मदतनीस बाईवर केवढी ओरडले! "क्षाराचं पाणी नीट केलं नाहीस, लक्ष कुठं असतं तुझं?" ती बिचारी रडायला लागली. दुसऱ्या दिवशी पाणी मी स्वतः केलं. पुन्हा चारच डाग. तिसऱ्या दिवशी शेजारी माझ्या स्वतःच्या रक्ताची पट्टी लावली. माझ्या पट्टीवर पाच डाग, त्याच्या पट्टीवर चार. साहेब मागे येऊन उभे राहिलेले मला कळलं नाही.

"हे रक्त कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या मुलाचं."

ते खुर्ची ओढून बसले. एरवी त्यांना माझ्याशी बोलताना बसायची सवय नव्हती. त्यांनी विचारलं, तुम्हाला भाऊ किती? मी म्हटलं, दोन होते. कसे गेले? मी सांगितलं. बोलता बोलता मलाच ऐकू यायला लागलं मी काय सांगतेय ते.

हा दोष आईकडून येतो, ते म्हणाले. बाई स्वतः धडधाकट असते, पण तिच्या मुलग्यांपैकी निम्म्यांना तो होऊ शकतो. मुलींना होत नाही, पण त्यांच्यातल्या निम्म्याजणी तो पुढे नेऊ शकतात. शरीरात अँटिबॉडी तयारच होत नाहीत. आईच्या पोटातून घेतलेल्या अँटिबॉडी पहिले पाच-सहा महिने पुरतात आणि मग तिजोरी रिकामी. उपाय एकच, दुसऱ्यांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन काढून ते दर महिन्याला टोचायचं, जन्मभर.

त्या संध्याकाळी मी आईकडे गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. ती उठून दार लावून आली आणि म्हणाली, "धाकटीला यातलं अक्षर बोलायचं न्हाई. तिचं लगीन व्हायचं हाय."

"अगं पण तिलाही असू शकतं."

"नसंलही! व्हय का न्हाई? मग कशापायी आत्ताच तिचं वाटोळं करतीस? पोरगं आजारी हाय ते टायफॉइडनं झालं म्हणून सांग."

मी ऐकलं. आयुष्यात आईचं एवढं एकच ऐकलं, आणि तेच नको होतं ऐकायला. पोराला टायफॉइड होऊन गेल्यापासून ताकदीची इंजेक्शनं लागतात, हे आम्ही सगळ्यांना सांगितलं. धाकटी मला खोदून खोदून विचारायची, मी तिला झिडकारायची. तीन वर्षांनी तिचं लग्न झालं. थेरगावचं घर, नवरा वेल्डर, माणसं चांगली.

ग्लोब्युलिन मिळवणं म्हणजे जिवाचा आटापिटा. मुंबईत एका संस्थेत ते करायचे, साहेबांच्या ओळखीनं यायचं, कधी वेळेवर, कधी दीड महिन्यानं. लहान लहान बाटल्या, महिन्याला सहा-सात. ते घट्ट औषध मांडीत टोचायचं, दोन्ही मांड्यांना. नवरा त्याचे पाय धरायचा आणि तोंड भिंतीकडे करायचा. पोरगं सुरुवातीला किंचाळायचं, पुढे पुढे नुसतं म्हणायचं, "आई, लवकर कर." लॅबच्या फ्रिजमध्ये सशांच्या रक्ताशेजारी त्याच्या बाटल्यांचा डबा असायचा. मी दिवसातून चार-चारदा उघडून त्या मोजायची. मोजल्यानं वाढत नाहीत, हे मला काय कळत नव्हतं?

साहेब वाचनवेडे. एकदा बाहेरच्या देशातून आलेलं मासिक घेऊन ते आमच्या घरी आले, चहा घेतला, आणि नवऱ्यालाच समजावत बसले. माणसाच्या शरीरात लाखो तऱ्हांच्या अँटिबॉडी होतात. पेनिसिलिनची पावडर आपल्या बापजाद्यांनी कधी पाहिली नव्हती, तरी आपल्या कामगारांचं रक्त तिच्यासाठी नेमकी अँटिबॉडी करतंच ना? मग प्रत्येकीचा वेगळा नमुना जन्मतःच कुठं लिहून ठेवलेला असणार? एवढी जागाच नाही. आता कळलंय की नमुना अखंड नसतोच. सुटे तुकडे असतात, ओळीनं लावलेले. एकेक पेशी तयार होताना एक तुकडा इथला उचलते, एक तिथला, मधलं सगळं कापून टाकते आणि ते सांधते. बुडखा बहुतेक तोच, टोक प्रत्येकीचं निराळं.

"मग आमच्या लेथसारखंच की, साहेब," नवरा म्हणाला. "होल्डर तोच, टोकाला टूल बदलायचं. थोडक्या टुलांत पाहिजे तो जॉब निघतो."

"अगदी तेच!" साहेब खूश झाले.

मला मात्र तिडीक आली. "मग माझ्या पोराच्या अंगात हे तुकडे नाहीत का?"

"असतील हो बाई. सगळे असतील. ते सांधून कामाला लागणारी पेशीच त्याच्यात मोठी होत नाही."

नवऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला. म्हणजे माल सगळा भरलेला आणि कारखान्यात कामगारच नाहीत, एवढंच तो म्हणाला. त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही.

एकोणऐंशीत धाकटीला मुलगा झाला. मी पाहायला गेले तेव्हा तो माझं बोट असं घट्ट धरून झोपला होता. गोरा, गुटगुटीत. मी मनात म्हटलं, याला नसेल. निम्म्यांनाच होतं ना? मग याला नसेल. मी देवाधर्माचं काही न मानणारी बाई, तरी पहिले सहा महिने रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून त्रिसरणाबरोबर त्या बाळाचं नाव घेत होते.

सातव्या महिन्यात ती त्याला घेऊन आमच्याकडे आली. बाळाला सर्दी, एका कानातून पाणी. "ताई, तुझं ते पेनिसिलिन टोच ना गं." मी टोचलं. आणि टोचताना म्हटलं, जरा रक्ताचा थेंब घेते, अंगात रक्त किती आहे ते बघू. तिनं भाबडेपणानं त्याची टाच पुढे केली.

पट्टी मी एकटीनं लावली, मदतनीस बाईला सशांकडे पाठवून. सकाळी साहेब यायच्या आत रंगवली. चार डाग.

या वेळी मी कुणावर ओरडले नाही. पट्टीचे कात्रीनं बारीक तुकडे केले आणि ते सशांच्या घाणीच्या बादलीत टाकले.

फ्रिजमध्ये नऊ बाटल्या होत्या. मुलाचं इंजेक्शन पाच दिवसांवर आलं होतं. त्याला सात लागायच्या. मुंबईहून निरोप होता, माल नाही, पुढच्या खेपेचं सांगता येत नाही. मुलाला आदल्याच महिन्यात न्यूमोनिया झाला होता, बरगड्या मोजता येत होत्या त्याच्या. धाकटीला सांगितलं असतं तर तिनं पदर पसरला असता, आणि मी नाही कसं म्हटलं असतं? मी स्वतःशी ठरवलं, बाळाला साधी सर्दीच तर आहे. पुढची खेप येऊ दे. ती आली की लगेच सांगेन, दोघांनाही पुरेल. आठ दिवसांत येईल. फार तर दहा.

मी खोटं बोलत होते का? स्वतःशी तर नक्कीच. साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी कुठून तरी दोन बाटल्या आणल्या असत्या. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो त्याच पावली सायकल काढून थेरगावला गेला असता. म्हणून तर नाही सांगितलं! मला वाट पाहायची होती. पाचव्या दिवशी मी माझ्या मुलाला सातच्या सात बाटल्या टोचल्या. उरल्या दोन. त्या दोनही मी बाळाला दिल्या नाहीत. मुलाच्या पुढच्या इंजेक्शनला कमी पडल्या तर, म्हणून ठेवल्या.

मधे एकदा धाकटी येऊन गेली. बाळाचा कान वाहतच होता. मी पुन्हा पेनिसिलिन टोचलं. "तुझा हात लागला की बरं वाटतं बघ त्याला," ती म्हणाली. मी तिला लवकर घरी जा म्हटलं, घालवूनच दिली जवळजवळ.

अठराव्या दिवशी दुपारी धाकटी आणि तिचा नवरा कंपनीच्या गेटवर. बाळ तिच्या खांद्यावर, मान मागे ताठ, डोळे वर. वॉचमन मला बोलवायला धावत आला. पाहिलं आणि मला कळलं, कानातलं मेंदूपर्यंत गेलंय. रिक्षात घालून पुण्याच्या इस्पितळात नेलं. तिथं मी तिला सांगितलं की याला माझ्या मुलासारखंच आहे, टायफॉइड वगैरे काही नव्हतं, हे आपल्या रक्तातूनच आलंय.

"तुला कसं कळलं?"

"आत्ता. आत्ता बघून वाटलं."

मग मी परत पिंपरीला पळाले आणि त्या दोन बाटल्या आणल्या. घामानं निथळत वॉर्डात शिरले आणि डॉक्टरांच्या हातात ठेवल्या. ते म्हणाले, देऊ आपण, पण आता याचा फारसा उपयोग नाही. बाळ तिसऱ्या दिवशी सकाळी गेलं. मुंबईची खेप त्यानंतर चार दिवसांनी आली. चांगल्या वीस बाटल्या.

बाळाच्या पुण्यानुमोदनाला थेरगावच्या घरासमोर मांडव घातला होता. वंदना झाली, लोक दोन शब्द बोलले. मग कुणी न सांगता धाकटी उठली. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. म्हणाली, "माझ्या ताईनं स्वतःच्या लेकाच्या तोंडचं औषध काढून माझ्या बाळाला दिलं. अशी बहीण कुणाला मिळत न्हाई." बायका माझ्याकडे बघून डोळे पुसायला लागल्या. आई माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मला वाटलं आत्ता, या क्षणी उठावं आणि सगळ्यांसमोर बोंब मारून सांगावं. जीभ टाळ्याला चिकटली. एरवी बरी सुटते!

पुढे बाटल्यांचा भरवसा राहिला नाही. इस्पितळातल्या डॉक्टरांनी दुसरी वाट काढली. ओळखीच्या, धडधाकट माणसांचं रक्त घ्यायचं, लाल भाग खाली बसला की वरचं पिवळं पाणी काढायचं आणि ते मुलाला शिरेतून द्यायचं. त्यांच्या अँटिबॉडी याच्या कामी येतात. नवऱ्याच्या शिफ्टमधले तिघेजण तयार झाले. एक लातूरकडचा, एक कोकणातला, एक चाकणचा. "भावा, तुझं पोरगं ते आमचं पोरगं," म्हणाले. आणि चौथी धाकटी, न बोलावता आलेली.

दर तीन महिन्यांनी ती थेरगावहून दोन बस बदलून यायची. माझ्यातल्यासारखाच तिच्यातही तो दोष होता, पण बाईच्या स्वतःच्या रक्तात काही कमी नसतं. तिचा पाचवा डाग मी पाहिलेला, चांगला रुंद, भरदार. दुसरं मूल तिनं होऊ दिलं नाही. सासरचे तिला कधी टाकून बोलल्याचं मी ऐकलं नाही, पण तिचं हसणं गेलं ते गेलंच.

एक्क्याऐंशी साल असावं. ती खाटेवर आडवी, हात लांब केलेला, नळीतून रक्त खालच्या काचेच्या बाटलीत उतरत होतं. मुलगा पलीकडच्या वॉर्डात वाट बघत होता, तेरा वर्षांचा, मिसरूड फुटायला लागलेला. मी तिच्या उशाशी स्टुलावर बसले होते. छताकडे बघत ती एकदम म्हणाली, "ताई, एक विचारू? बाळाचं आधी कळलं असतं, म्हणजे पंधरा-वीस दिवस आधी, तर वाचलं असतं का गं ते?"

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडून तिला काय ऐकायचं होतं ते तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. आणि मला काय सांगायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. पलीकडे माझं पोरगं, इथं तिचं रक्त.

"नाही गं," मी म्हटलं. "काही उपयोग झाला नसता."

तिनं लांब श्वास सोडला. "मग बरं," ती म्हणाली. "मला आपलं वाटत राहायचं, मीच उशीर केला."